सोलर पॅनल सिरीजमध्ये की पॅरललमध्ये? चार्ज कंट्रोलरच्या व्होल्ट लिमिटबद्दल नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न मला व्हॉट्सॲपवर येतात, फोनवर येतात, बर्डीच्या बाजारात सामान घ्यायला उभा असलो की तिथेही येतात. बहुतेक जण शेतातल्या खोलीवर नाहीतर घराच्या गच्चीवर दोन-चार पॅनल, एक चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि बॅटऱ्या असं काम करतात, हे पान त्यांच्यासाठी आहे. महावितरणच्या नेट मीटरवाली सिस्टीम वेगळी, तिथे सहसा बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर नसतोच.

१. पॅनलच्या मागे स्टिकरवर इतके आकडे आहेत, माझ्या कामाचे कोणते?

चार आकडे आणि त्यांच्यासोबत एक पाचवा. व्हीओसी म्हणजे पॅनलला काहीच जोडलेलं नसताना मिळणारं व्होल्टेज, हे सगळ्यात जास्त असतं आणि कंट्रोलर वाचवायचा तर हाच आकडा लागतो. व्हीएमपी म्हणजे पॅनल पूर्ण ताकदीने चालू असतानाचं व्होल्टेज, बॅटरी नीट भरेल का ते यावरून कळतं. आयएससी म्हणजे दोन टोकं शॉर्ट केल्यावरचा करंट, आयएमपी म्हणजे कामातला करंट. पाचवा आकडा व्हीओसीच्या टेम्परेचर कोइफिशियंटचा, म्हणजे तापमान एक डिग्री बदललं की व्होल्टेज किती टक्के बदलतं त्याचा, तो बऱ्याचदा स्टिकरवर नसतो, डेटाशीट उघडावी लागते, तिथे उणे ०.२७ टक्के प्रति डिग्री असं काहीतरी लिहिलेलं सापडतं.

आता उदाहरणाला ५४० वॅटचा मोनो हाफकट पॅनल घ्या (मोनो आणि पॉली हे सेलचे दोन प्रकार). व्हीओसी ४९.५ च्या आसपास, व्हीएमपी ४१.६, आयएससी १३.८, आयएमपी १३. कंपनीप्रमाणे दशांशात फरक पडतो पण खालचे हिशोब मी याच आकड्यांवर केलेत, तुम्ही तुमच्या स्टिकरचे टाका.

एक गोंधळ इथेच मिटवतो. स्टिकरवर १००० नाहीतर १५०० व्होल्ट मॅक्सिमम सिस्टीम व्होल्टेज असंही लिहिलेलं असतं, ते वाचून लोक म्हणतात पंधराशेपर्यंत चालतं म्हणे. ते पॅनलचं स्वतःचं इन्सुलेशन किती सहन करतं त्याचं आहे, तुमच्या कंट्रोलरचा त्याच्याशी संबंध नाही.

२. सिरीज आणि पॅरललमध्ये नक्की काय बदलतं?

सिरीज म्हणजे एका पॅनलचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, साखळीसारखं. व्होल्ट जोडले जातात, करंट एकाच पॅनलचा राहतो. पॅरलल म्हणजे सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र, इथे करंट जोडला जातो आणि व्होल्ट एकाच पॅनलचे राहतात. वॅट दोन्हीकडे तेवढेच. दोन ५४० वाले सिरीजमध्ये ९९ व्होल्ट व्हीओसी आणि १३.८ अँपिअर, पॅरललमध्ये ४९.५ व्होल्ट आणि २७.६ अँपिअर.

३. कंट्रोलरवर १००/३० लिहिलंय, ते काय?

व्हिक्ट्रॉनसारख्या कंपन्या असं लिहितात. पहिला आकडा पॅनलच्या बाजूचे जास्तीत जास्त व्होल्ट, दुसरा आकडा बॅटरीकडे जाणारा जास्तीत जास्त चार्जिंग करंट. ७५/१५, १००/२०, १५०/३५, २५०/६० सगळे असेच वाचायचे. पहिला आकडा कधीच ओलांडायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही. दुसऱ्या आकड्याचं वेगळं आहे, ते आठव्या प्रश्नात.

काही कंपन्या दोन व्होल्ट लिमिट देतात. एपेव्हरच्या ट्रेसर एएन सिरीजमधल्या ३२१० नाहीतर ४२१० चं मॅन्युअल बघा, १०० व्होल्ट हे सगळ्यात कमी तापमानाला आणि २५ डिग्रीला ९२ व्होल्ट असं लिहिलेलं आहे. बॉक्सवरचा मोठा आकडा बघून वायरिंग करू नका, मॅन्युअलचं ते पान उघडा.

४. भाऊ, दोन ५४० वाले सिरीजमध्ये ९९ व्होल्ट होतात, कंट्रोलर १०० चा आहे, बसतं ना?

नाही बसत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि जवळपास प्रत्येक वेळी विचारणाऱ्याने सामान आधीच घेऊन ठेवलेलं असतं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

ते ९९ व्होल्ट सेल २५ डिग्रीवर असतानाचे आहेत. पॅनल थंड झाला की व्होल्टेज वाढतं, गरम झाला की उतरतं. ५४० वाल्या पॅनलचं दर डिग्रीला ०.२७ टक्के. सेल २० डिग्रीवर आला की दोघांचे मिळून १००.३ होतात, म्हणजे लिमिट गेली, आणि २० डिग्री म्हणजे नागपुरात काही कडाक्याची थंडी नाही, दिवाळीनंतरची कुठलीही सकाळ. ३ डिग्रीला हाच आकडा १०४.९ वर जातो.

माझ्या मावसभावाचा कळमेश्वरच्या पुढे संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या शेतातल्या खोलीवर मे महिन्यात एकाने येऊन हेच कॉम्बिनेशन लावून दिलं, दोन पॅनल सिरीज, १०० चा कंट्रोलर. जून गेला, दिवाळी गेली, सगळं झकास चाललं. डिसेंबरात एका सकाळी त्याचा फोन, दिवे लागत नाहीत, बॅटरी बसलीये. मी गेलो तेव्हा पॅनलवरचं दव अजून पुरतं सुकलं नव्हतं. कंट्रोलरची स्क्रीन कोरी, आणि डब्याला नाक लावलं तर जळक्या वार्निशचा वास. उघडून बघितलं तर पॅनलच्या टर्मिनलजवळचा भाग काळा पडलेला आणि एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. पॅनल ठणठणीत, बॅटरी ठीक, वायर ठीक. एक व्होल्टच्या भरवशावर केलेलं काम सात महिने चाललं आणि थंडीने ते एका सकाळी संपवलं. त्याला वॉरंटीही मिळाली नाही, कारण जास्त व्होल्टेजमुळे गेलेला माल वॉरंटीत बसत नाही.

५. पण नागपुरात थंडी किती दिवस? आपल्याकडे तर उन्हाचाच त्रास.

उन्हाचा त्रास आहेच, त्याचं नवव्या प्रश्नात. पण थंडीला हलकं घेऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ डिग्रीपर्यंत उतरला होता. शहराबाहेर उघड्या शेतात, काटोल-सावनेरकडे, शहरापेक्षा गारवा जास्तच असतो. त्यात निरभ्र रात्री पॅनलची काच आभाळाकडे उष्णता सोडत राहते, त्यामुळे पॅनल हवेपेक्षाही थोडा गार होऊ शकतो, सकाळी काचेवर दव दिसतं ते त्यामुळेच.

आता लोक म्हणतात सकाळी ऊनच कोवळं असतं, व्होल्टेज कुठून येणार. इथेच फसायला होतं. ऊन कमी असलं की करंट कमी होतो, व्होल्टेज मात्र थोड्याशा उजेडातच जवळपास पूर्ण चढतं. सूर्य नीट वर आला, पॅनल अजून तापला नाही, तो अर्धा-पाऊण तास धोक्याचा. आणि कंट्रोलर त्या वेळी फार करंट ओढत नसेल, म्हणजे बॅटरी भरलेली असेल, तर पॅनल व्हीओसीच्या जवळच बसून राहतो. जळायला असे महिनाभर दिवस लागत नाहीत, अशी एक सकाळ पुरते.

६. मग हिशोब कसा करायचा? इंजिनीअर नाही मी, सोपं सांगा.

कागद-पेन घ्या. २५ मधून तुमच्याकडचं सगळ्यात कमी तापमान वजा करा, नागपूरसाठी मी ३ धरतो, म्हणजे २२. त्याला कोइफिशियंटने गुणा, २२ गुणिले ०.२७ म्हणजे ५.९४ टक्के. व्हीओसी तेवढ्या टक्क्यांनी वाढवा, ४९.५ चे झाले ५२.४. हे एका पॅनलचे थंडीतले खरे व्होल्ट. आता सिरीजमध्ये जेवढे पॅनल तेवढ्याने गुणा. येणारा आकडा कंट्रोलरच्या लिमिटच्या ९५ टक्क्यांच्या आत पाहिजे. हे पाच टक्के मी माझ्या समाधानासाठी सोडतो, कारण स्टिकरच्या आकड्यात कंपनी दोन-तीन टक्क्यांची सूट घेते आणि थंडीचा रेकॉर्डही कधी मोडू शकतो.

कोइफिशियंट सापडतच नसेल तर व्हीओसीला सरळ १.१ ने गुणा. त्यातही बसत असेल तर निश्चिंत राहा, पुढचा हिशोब करायची गरज नाही.

नेहमीच्या जोड्यांचं सांगून ठेवतो. ५४० वाले १०० च्या कंट्रोलरवर सिरीजमध्ये फक्त एक, १५० वर दोन, २५० वर चार. १५० वर तीन लावायचा मोह होतो कारण तीनचे १४८.५ होतात, पण थंडीत ते १५७ आहेत, चौथ्या प्रश्नातलीच चूक मोठ्या आकड्यात. जुने ३३५ वॅटचे पॉली, व्हीओसी ४६, कोइफिशियंट ०.३१, थंडीत एकाचे ४९.१ होतात. १०० वर दोन लावले तर ९८.३, कागदावर बसतं पण मी लावत नाही. १५० वर तीनचे १४७.४, तेच उत्तर. छोटे १२ व्होल्टवाले ३६ सेलचे, व्हीओसी २२, थंडीत साडेतेवीस. ७५ वर तीन चालतात, १०० वर चार चालतात.

७. मी स्वतः मीटर लावून मोजलं, सिरीजमध्ये ८६ व्होल्टच आले. मग भीती कसली?

कधी मोजलं ते सांगा. नवतप्यात दुपारी मोजलं असेल तर ८६ च येणार. तेव्हा सेल ७० डिग्रीच्या वर असतो, ५४० चा पॅनल ४९.५ वरून ४३ वर उतरलेला असतो. तोच मीटर, तेच पॅनल, डिसेंबरात सकाळी साडेसातला लावला तर शंभरच्या वर दाखवेल. नागपुरात सोलरची बहुतेक कामं उन्हाळ्यात होतात, लाईट जायला लागली की माणूस सोलर आठवतो, त्यामुळे ही चूक लावताना दिसतच नाही.

मोजू नका असं नाही. मोजाच, पण उलटी वायर, तुटलेला कनेक्टर, मेलेला पॅनल शोधायला मोजा. लिमिटचा निर्णय सहाव्या प्रश्नातल्या हिशोबानेच घ्या. आणि मीटर ६०० नाहीतर १००० व्होल्ट डीसीचा चांगला घ्या.

८. वॅट जास्त झाले तर पण जळतो का? १००/३० वर दोन ५४० पॅरलल, १०८० वॅट, लिमिट तर त्यापेक्षा कमी दाखवते.

वॅटने जळत नाही. ३० अँपिअर गुणिले २४ व्होल्ट सिस्टीमचं चार्जिंग व्होल्टेज २८.८, म्हणजे ८६४ वॅट, तेवढेच तो बॅटरीकडे पाठवेल आणि वरचे घेणार नाही, पॅनल आपोआप कमी काम करतो. करंट कंट्रोलर मागतो तेवढाच येतो, व्होल्टेज मात्र मागितलं नाही तरी त्याच्या टर्मिनलवर येऊन बसतं. फरक एवढाच आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की निम्मे प्रश्न सुटतात.

मी तर म्हणतो थोडे वॅट जास्तच ठेवा. मे महिन्यात तापलेले १०८० वॅटचे पॅनल तसेही ९०० च्या आसपासच देतात, आणि पावसाळ्यात ढग असले की जास्तीचा पॅनल कामी येतो. फक्त मॅन्युअलमध्ये इनपुटच्या शॉर्ट सर्किट करंटची लिमिट बघून घ्या, व्हिक्ट्रॉनच्या १००/३० ला ती ३५ अँपिअर आहे, आपले २७.६, म्हणजे चालतंय.

९. उन्हाळ्यात इतकं कडक ऊन, तरी बॅटरी फुल काऊन होत नाही?

कारण पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नको. नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ डिग्री, २३ मे २०१३ चा, आणि साधा मे सुद्धा ४४-४५ चा असतो. हवा ४५ तर पॅनलच्या आतला सेल ७०-७२, टिनाच्या शेडला चिकटवून लावला असेल तर आणखी जास्त. ७२ डिग्रीला पॅनल २५ पेक्षा ४७ डिग्रीने वर असतो. व्हीएमपी व्हीओसीपेक्षाही जोरात उतरतं, पॉलीमध्ये दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के धरा, मोनोमध्ये ०.३५.

आता एकच १२ व्होल्टचा पॉली पॅनल, व्हीएमपी १८, १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीला. ४७ गुणिले ०.४ म्हणजे जवळपास १९ टक्के गेले, उरले १४.६. वायरमध्ये अर्धा-एक व्होल्ट गेला की बॅटरीपाशी जेमतेम १४ किंवा त्याहून कमी येतात, आणि बॅटरीला पूर्ण भरायला १४.४ पाहिजे. बॅटरी रोज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडकते, महिन्या-दोन महिन्यात प्लेटा खराब व्हायला लागतात आणि मग दोष बॅटरीवर जातो. कंट्रोलर एमपीपीटी (जास्तीचे व्होल्ट उतरवून करंट वाढवणारा) असेल तर असे दोन पॅनल सिरीजमध्ये करा, तापल्यावरही २९ व्होल्ट मिळतात आणि एमपीपीटी ते उतरवून बॅटरीला बरोबर देतो.

आणि पॅनलखाली हवा खेळू द्या. टिन आणि पॅनलमध्ये निदान चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा.

१०. मग २४ आणि ४८ व्होल्ट बॅटरीसाठी सिरीजमध्ये कमीत कमी किती?

तापलेल्या पॅनलचं व्हीएमपी बॅटरीच्या चार्जिंग व्होल्टेजपेक्षा पाचेक व्होल्ट वर राहिलं पाहिजे असं धरा. व्हिक्ट्रॉनचे कंट्रोलर सुरू व्हायलाच बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त मागतात, नंतर १ व्होल्ट जास्तीवर चालत राहतात.

२४ ला एक ५४० चालतो, तापल्यावर ३४.८ देतो आणि बॅटरीला २८.८ पाहिजे. एक ३३५ मात्र तापल्यावर साडेतीसवर येतो, त्यात लांब वायर असली की संपलं. ४८ ला चार्जिंग ५७.६ चं, तिथे दोन ५४० सिरीजमध्ये तापून ६९.५ देतात, मस्त बसतात, आणि थंडीत १०५ म्हणून कंट्रोलर १५० चा. ३३५ वाल्यांची ४८ शी पंचाईत होते, दोन लावले तर उन्हाळ्यात कमी पडतात, तीन लावले तर थंडीत १५० ला टेकतात. त्यांना २५० चा कंट्रोलर घ्या किंवा बॅटरी २४ ची ठेवा.

११. माझ्याकडे स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे. त्याला मोठा पॅनल लावला तर?

पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो, व्होल्ट बदलून करंट वाढवणं त्याला जमत नाही. ३३५ चा पॅनल १२ व्होल्ट बॅटरीवर पीडब्ल्यूएमने लावला तर ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे ११७ वॅट. उरलेल्या दोनशेचे पैसे दिले आणि वापरले नाहीत. हे पण तेव्हा जेव्हा कंट्रोलर ४६ व्होल्ट सहन करेल, बऱ्याच छोट्या पीडब्ल्यूएमची इनपुट लिमिट १२ व्होल्ट बॅटरीवर ३० च्याही आत असते, मग तो जळतोच. पीडब्ल्यूएमला १२ च्या बॅटरीवर ३६ सेलचा पॅनल, २४ वर ७२ सेलचा, आणि एकापेक्षा जास्त असतील तर पॅरलल. आणि स्टिकरवर एमपीपीटी छापलेले पण आतून पीडब्ल्यूएम असलेले डबेही बाजारात मिळतात, फार हलका आणि फार स्वस्त असेल तर संशय घ्या.

१२. व्होल्टची एवढी भीती असेल तर सगळं पॅरललच का नाही करायचं?

वायरमुळे. गच्चीवरून खाली बॅटरीपर्यंत २० मीटर आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची डीसी वायर घ्या, जाऊन-येऊन ४० मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.२ ओहम. दोन ५४० सिरीजमध्ये असतील तर १३ अँपिअर, वायरमध्ये ३४ वॅट जातात. तेच दोन पॅरललमध्ये, २६ अँपिअर, १३५ वॅट जातात. करंट दुप्पट झाला की वायरमधलं नुकसान चौपट होतं. वायर तापते ती वेगळीच.

म्हणून माझं मत असं की अंतर दहा मीटरच्या वर असेल तर लिमिटमध्ये राहून जेवढे सिरीज करता येतील तेवढे करा, त्यासाठी १५० चा कंट्रोलर घ्यायला लागला तरी घ्या, नाहीतर तोच पैसा जाड वायरीत जातो.

१३. तीन पॅनल पॅरललमध्ये वाय कनेक्टरने जोडले, फ्यूज लावायलाच पाहिजे का?

तीनला पाहिजे, दोनला नको. एक पॅनल आतून शॉर्ट झाला तर बाकीचे आपला करंट त्याच्यात ढकलतात. दोन असतील तर दुसऱ्याचे १३.८ अँपिअर येतात आणि ५४० च्या स्टिकरवर मॅक्सिमम सिरीज फ्यूज २५ लिहिलेला असतो, तो सहन करतो. तीन असतील तर २७.६ येतात आणि मग आग लागू शकते. प्रत्येक पॅनलच्या किंवा प्रत्येक स्ट्रिंगच्या (सिरीजमधल्या साखळीच्या) प्लसवर सोलरचा डीसी फ्यूज लावा, ५४० साठी २५ अँपिअरचा. गाडीचा काचेचा फ्यूज इथे चालत नाही.

१४. दुपारनंतर टाकीची सावली एका पॅनलवर येते, सिरीज ठेवू का पॅरलल?

आधी पॅनल सरकवता येतो का बघा, वायरिंगची कुठलीही युक्ती त्याच्या इतकी कामाची नाही. नसेल जमत तर दोन पॅनलसाठी पॅरलल बरं, सावलीतला पॅनल मागे राहतो आणि दुसरा आपलं काम करतो. सिरीजमध्ये सावलीतल्या पॅनलचे बायपास डायोड चालू होतात आणि त्याचे व्होल्ट गळतात, मग ४८ च्या बॅटरीवर उरलेल्या एकाचे ४१ व्होल्ट काहीच कामाचे नाहीत, त्या वेळी चार्जिंग पूर्ण बंद. पॅरलल करताना दहाव्या प्रश्नातली कमीत कमी मर्यादा मात्र पाळली गेली पाहिजे.

१५. जुना ३३५ आहे, नवीन ५४० घेतला, एकत्र जोडू का?

सिरीजमध्ये नको, ५४० चा १३ अँपिअर ३३५ च्या ९ वर येऊन अडकेल. पॅरललमध्ये व्हीएमपी जवळजवळ सारखं पाहिजे, पाच टक्क्यांचा फरक चालतो, इथे ३७.५ आणि ४१.६ म्हणजे दहाच्या वर आहे, चालेल पण दोघांनाही आपली पूर्ण ताकद लावता येणार नाही. खरं उत्तर म्हणजे जुन्याला त्याचा छोटा वेगळा कंट्रोलर द्या आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडा. त्यात काही चूक नाही, दोघांची चार्जिंग सेटिंग सारखी ठेवा म्हणजे झालं.

१६. हायब्रिड इन्व्हर्टरवर १२० ते ४५० व्होल्ट लिहिलंय, मॅक्सिमम ५००. तिथे पण हाच हिशोब?

हिशोब तोच, फक्त दोन्ही टोकं तपासायची. थंडीतलं व्हीओसी ५०० च्या आत: ५४० वाले नऊ लावले तर ४७२, पाच टक्के सोडून ४७५, काठावर बसतात, मी आठ लावेन. खालचं टोक, तापलेलं व्हीएमपी १२० च्या वर: तीन लावले तर १०४, सुरूच होणार नाही, चार लावले तर १३९. म्हणजे चार ते आठ. पण कळकळीने सांगतो, इथे चारशे व्होल्ट डीसी आहे. घरच्या २३० च्या शॉकसारखं समजून हात घालू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा.

१७. जोडताना आधी काय, बॅटरी की पॅनल?

आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बॅटरीशिवाय पॅनल जोडला तर काही कंट्रोलर सिस्टीम १२ ची की २४ ची ते चुकीचं ओळखतात, काही जळतात. मध्ये डीसीचा एमसीबी ठेवा, घरातला एसीचा नको, डीसीची ठिणगी त्याच्याने विझत नाही. डीसी एमसीबीवर प्लस-मायनसची खूण असेल तर त्याच दिशेने जोडा. चालू लोडवर पॅनलच्या वायरीचा एमसी फोर कनेक्टर ओढून काढायचा नाही, आधी एमसीबी पाडायचा, मगच.

१८. १०० चा कंट्रोलर आणि दोन ५४० आधीच घेतलेत, सिरीजमध्ये जोडलेलेही आहेत. आता?

आज संध्याकाळी अंधार पडल्यावर एमसीबी पाडा आणि सिरीज सोडवा. बॅटरी १२ किंवा २४ ची असेल तर नवीन कंट्रोलर घ्यायची गरज नाही, दोघांना पॅरलल करा, थंडीत ५२ व्होल्ट आणि उन्हाळ्यात ३५, दोन्हीकडून सुरक्षित. वाय कनेक्टरची एक जोडी लागेल आणि वायर बारीक असेल तर दोन्ही पॅनलची वेगळी वायर खालपर्यंत आणा, कारण बाराव्या प्रश्नात आहे. बॅटरी ४८ ची असेल तर पॅरलल चालणार नाही, १५० चा कंट्रोलर घ्यावाच लागेल, तोपर्यंत सिस्टीम बंद ठेवलेली बरी.

१९. कंट्रोलर गेला तो व्होल्टेजमुळेच गेला हे कसं कळेल?

सकाळी गेला का, थंडीत गेला का, पॅनल आणि बॅटरी ठीक असूनही स्क्रीन कोरी आहे का, हे विचारा. ज्यांच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ ॲप आहे त्यांनी आधीच बघत जा, व्हिक्ट्रॉनच्या ॲपमध्ये मागच्या ३० दिवसांचं रोजचं जास्तीत जास्त पॅनल व्होल्टेज दिसतं. नोव्हेंबर लागला की आठवड्यातून एकदा उघडा, तो आकडा रोज थोडा थोडा वर सरकताना दिसेल. १०० च्या कंट्रोलरवर ९५ दिसायला लागला की डिसेंबरची वाट बघू नका.

२०. हेच सामान चिखलदऱ्याच्या घरी नेलं तर चालेल?

तिथे नागपूरचे ३ डिग्री धरू नका, शून्य किंवा त्याच्याही खाली धरा, तिथे दवाचा बर्फ झालेला लोकांनी बघितलाय. सहाव्या प्रश्नातल्या २२ च्या जागी २८ घ्या. ५४० चा एक पॅनल मग ५३.२ वर जातो, दोन १०६.५, १५० वर आरामात. पण नागपुरात १०० वर चार छोटे १२ व्होल्टवाले ९४ ला बसत होते ते तिथे ९५.६ होतात, माझ्या पाच टक्क्यांच्या बाहेर, तिथे मी तीनच ठेवीन.